पिळात

केळूसच्या खाडीत सोडणं कुजत घातली
की महिनोन् महिने गावाला तोच वास.
पाहुणे नाक धरतात.
द्वारका मेथर नुसत्या वासावरून सांगते
कुठला खड्डा आता उपसायचा.

मी नऊ वर्षं ज्या दोऱ्यांवर काम केलं
त्यांना वास नव्हता, जाडी नव्हती,
आणि त्या कुणी पाहिल्याही नव्हत्या.
करार संपला. परतले.
आता काथ्या सोसायटीचा हिशेब लिहिते,
दहा ते पाच, शनिवारी अर्धा दिवस.

"तुझी ती दोरी किती हाताची गो?"
रहाट न थांबवता तिने विचारलं.

मी म्हटलं, दोरी नाही मोजत,
ती हलते ती जागा मोजतात.
लांबी, रुंदी, उंची, वेळ,
एवढ्या चार तुला-मला ठाऊक.
चारात तिचं गणित बसत नाही.
पहिल्या मांडणीत सव्वीस लागल्या,
आणि त्या घरात निघाला एक देवचार,
प्रकाशाच्याही आधी पोचणारा.
मग दहा. दहाची पाच घराणी,
पाचही खरी, आणि आपसात अबोला.
पुढे कळलं, मासा एकच,
इथे इसवण, मुंबईला सुरमई.
आणि आधण आलं की तिसरी उघडते ना,
तशी जोर वाढवल्यावर अकरावी.
सगळ्याला मिळून नाव एका अक्षराचं, म.
कशाचा म, ते ज्याने त्याने ठरवावं.

"मेथरांचो," ती म्हणाली.

निवतीच्या किल्ल्यावरून बघ,
नांगराचा दोर म्हणजे पाण्यावरची रेघ.
उतरून जवळ जा,
नखाएवढा खेकडा त्याला वळसा घालून
निघाला तिथेच परत येतो.
उरलेल्या मिती अशाच, फक्त वळसा इतका बारीक
की जिनिव्हाजवळ सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यात
कण कणावर आपटूनही
अजून हाती काही नाही.

ती ऐकत होती असं वाटलं नाही.
काथ्या तिच्या बोटांतून सरकत होता
आणि मी, सवयीने, पुढे बोलत होते.
एक जात मात्र समजावताना माझीच जीभ अडते.
तिच्यात डावीकडे धावणारी लहर सव्वीसात जगते,
उजवीकडची दहात,
आणि दोरी एकच.

रहाट थांबला.
"मगे वरची सोळा खंय गेली?"

मी खडू शोधायला लागले.
तिने मांडीवरचे दोन पदर उचलून
माझ्यासमोर धरले.
"सव्वीस हात पदर घेतलंय
तर दोरी भरता वीस हात.
बाकीची खंय जाता? पिळात जाता.
व्यापारी दोरी मोजता.
पीळ कोण मोजता?"

त्या रात्री जुन्या वह्या काढल्या.
सूत इतके हात, दोरी इतके हात,
मधला फरक 'घट' म्हणून बायकांच्या मजुरीतून कापलेला,
वर्षानुवर्षं, एकाच निळ्या शाईत.
मी घट खोडलं, वर पीळ लिहिलं.
चेअरमन खवणेकर चष्मा पुसत म्हणाले,
आता ऑडिटला काय सांगू?
मला नऊ वर्षं हाच प्रश्न विचारत होते,
वेगळ्या भाषेत.

संध्याकाळी डासांसाठी
द्वारका सुंभाचा तुकडा पेटवते.
म्हण लोक टोमण्यापुरती वापरतात,
खरोखर जाळून बघत नाहीत.
चिऱ्यावर राख पडली होती,
दोन पदरांची, वळलेली, जशीच्या तशी,
वजन जवळजवळ नाहीच.
हात लावू नको, मी म्हटलं,
आणि मोजपट्टी आणायला आत गेले.

येईपर्यंत वारा फिरला होता.
चिऱ्यावर एक करडा डाग,
थोडी लांबी, थोडी रुंदी.
द्वारका दुसरा तुकडा कापत होती.